लग्नात एक मुलगी जास्त

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या गावच्या पोस्टात एक तार आली. तार इंग्रजीत होती. पोस्टमास्तरांनी ती तात्यांना मराठीत समजावून सांगितली, ती अशी : "लग्नात एक मुलगी जास्त. सुखरूप. घेऊन जा." खाली मुंबईचा, घोडपदेवचा पत्ता होता.

तात्या म्हणजे आमच्या वाडीतले सखाराम परब. त्यांची पुतणी कुंदा काही दिवसांपासून नाहीशी झाली होती. वाडीतल्या विहिरी पाहून झाल्या होत्या, देवाला कौल लावून झाला होता, आणि तात्यांनी अन्न सोडलं होतं. तार ऐकल्यावर ते आधी पोस्टाच्या पायरीवर बसले, मग रडले, आणि डोळे पुसून होताच चिडले. पुढचा सगळा प्रवास ते आलटून पालटून याच दोन अवस्थांत होते.

कुंदा मी शिकवत होते त्या शाळेतली, सहावीची. जन्मली, वाढली लालबागला. वडील दत्ताराम गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार. आई आधीच गेलेली. गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर गिरणगावातल्या अनेकांनी बायकामुलं गावी धाडली, तशी दत्तारामनेही मुलगी थोरल्या भावाच्या, म्हणजे तात्यांच्या घरी आणून सोडली. संप वर्षाच्या पलीकडे गेला. आधी मनीऑर्डरी थांबल्या, मग पत्रं थांबली, आणि मग कुंदाच गेली.

तात्यांनी मला बरोबर चलायचा आग्रह केला. मुंबईची भाषा आपल्याला समजायची नाही, हे त्यांचं कारण. खरं कारण वाडीत सर्वांना ठाऊक होतं. मुलगी तात्यांना बघून पुन्हा पळाली असती, बाईंना बघून कदाचित थांबली असती. मी मुंबई कधी पाहिली नव्हती. भूगोलात मात्र ती बरीच वर्षं शिकवत होते.

मुलगी सांभाळणाऱ्यांच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तात्यांनी परसातला एक कापा फणस उतरवून घेतला. रातराणी एसटीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की खिडकीची जागा फणसाला मिळाली.

घोडपदेव

परळला उतरून विचारत विचारत चालत गेलो. मुंबईत पत्ता विचारला की माणूस बोट दाखवून थांबत नाही, पंधरावीस पावलं बरोबर येतो, आणि तेवढ्यात तुमचं कुळ, गाव आणि कामाचं स्वरूप काढून घेऊन पुढच्या माणसाच्या हवाली करतो. चाळीपर्यंत पोहोचलो तेव्हा आमच्या आधी आमची बातमी वर गेली होती.

दारावर लग्नाचं तोरण अजून होतं. नवऱ्या मुलाची आई, पार्वतीबाई, यांनी आम्हाला आत घेतलं. पाणी दिलं, बुंदीचे लाडू दिले, आणि चहा उकळायच्या आत तात्यांना विचारलं की पोरीला मारता का. आमच्याकडे असा प्रश्न विचारायला माणसं दोनतीन पावसाळे घेतात, आणि विचारतात तेही शेजाऱ्याला. तात्यांचा लाडू घशातच राहिला. मारत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते खरं होतं, आणि मीही सांगितलं. पार्वतीबाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि मग हकीकत सांगायला बसल्या.

नवरी आमच्या शेजारच्या गावची. लग्न तिकडे लागलं. वऱ्हाड खास गाडी करून मुंबईला परत निघालं, त्यात कुंदाही चढली. मुलीकडच्यांना वाटलं ती मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं ती पाठराखीण. तिने घाटात उलट्या होणाऱ्या बायकांच्या पाठी चोळल्या, गाणी म्हटली, नवरीच्या शालूची गाठ सुटली ती बांधून दिली. सगळ्या वऱ्हाडात हीच एक मुलगी कामाची, असं पार्वतीबाईंचं मत झालं होतं. घरी पोहोचल्यावर लाडवांच्या पुड्या वाटताना एक पुडी कमी पडली, तेव्हा ही कोणाची, हा प्रश्न निघाला. तिने शांतपणे सांगितलं की मी कोणाचीच नाही, मला लालबागला जायचं आहे.

"सून अजून उंबरठ्याबाहेर होती," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, माप नंतर ओलांड. आधी चौकीवर जाऊन ये."

त्याप्रमाणे नवरा मुंडावळ्यांसकट पोलीस चौकीवर गेला. बरोबर नवरी, आणि मधे कुंदा. चौकीवरच्या लोकांना वाटलं पळून जाऊन लग्न केलेलं जोडपं आलं आहे. त्यांनी नवऱ्याला वय विचारलं, नवरीला एकटीला बाजूला घेऊन जबरदस्ती झाली का ते विचारलं, आणि दोघांना समजुतीच्या चार गोष्टीही सांगितल्या. कुंदाकडे वळायला बराच वेळ लागला. तेव्हा तिने लालबागच्या इंदूबाईंच्या खानावळीचं नाव घेतलं. योगायोगाने तिथला कदम हवालदार त्याच खानावळीत जेवणारा निघाला. त्याने पोरीला त्या ओळखीच्या इंदूबाईंकडे ठेवायची व्यवस्था केली, गावी कळवायला सांगितलं, आणि एक अट घातली : मला विचारल्याशिवाय मुलगी कोणाच्याही हातात द्यायची नाही.

म्हणजे कुंदा इथे नव्हतीच. तात्यांनी पायाशी ठेवलेला फणस पुन्हा उचलून खांद्यावर घेतला. फणस मुलगी सांभाळणाऱ्यांसाठी होता. पार्वतीबाईंनी ते पाहिलं, आणि फणसाऐवजी आम्हालाच आणखी लाडू बांधून दिले.

लालबाग

लालबागला पोहोचलो तेव्हा भर दुपारी चाळींच्या पायऱ्यांवर आणि कट्ट्यांवर पुरुष माणसं बसली होती. कोणी पत्ते कुटत होतं, कोणी नुसतंच रस्त्याकडे बघत होतं. तात्यांनी मला हळूच विचारलं की आज कसला सण आहे. मी वर बोट दाखवलं. छपरांच्या पलीकडे गिरण्यांची धुराडी ओळीने उभी होती आणि बहुतेकांतून धूर येत नव्हता.

इंदूबाईंची खानावळ म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. घरची माणसं गावी असलेले गिरणीकामगार तिथे दोन वेळा जेवत. संपाआधी तीन पंगती उठायच्या, आता एक, असं त्यांनी नंतर सांगितलं. बाई अंगाने भक्कम आणि आवाजाने त्याहून. आम्ही कोण ते सांगायला लागलो तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं आणि पाट दाखवले. आमच्याकडे पाहुण्याशी आधी बोलतात, मग जेवू घालतात. इथे उलट. जेवताना बोललेलं इंदूबाईंना चालत नसे. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा बोलावंसं वाटलं नाही.

हात धुतल्यावर तात्यांनी मुलगी मागितली. इंदूबाईंनी ती इथे नसल्याचं सांगितलं. कुठे आहे ते सांगायच्या आधी ती का पळाली ते त्यांना हवं होतं. तात्या म्हणाले, हट्टी आहे म्हणून. इंदूबाई म्हणाल्या, हे कारण मी धरत नाही. दोघांचे आवाज चढले. शेवटी तात्यांनी पोलिसात जायची धमकी दिली.

तात्यांच्या शेजारच्या पाटावर बनियन घातलेले एक गृहस्थ मान खाली घालून काटे काढत होते. त्यांनी शेवटचा घास संपवला, हात धुतला, खुंटीवरचा खाकी शर्ट अंगात घातला, बटणं लावली आणि विचारलं, "बोला, काय तक्रार आहे?"

हेच कदम हवालदार. तात्या एवढे गोंधळले की त्यांनी हवालदारांना नमस्कार करायच्या भरात फणसालाही केला.

मग जे कळलं ते मलाही नवीन होतं. तात्यांनी कुंदाला कोल्हापूरला एका डॉक्टरांच्या घरी ठेवायचं ठरवलं होतं. लहान मूल सांभाळायचं, पोटभर जेवण मिळेल, वर शाळेतही घालतील, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. हवालदारांनी विचारलं की ते घर पाहिलं कोणी. कोणीच पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचं नाव काय, तेही तात्यांना आठवेना. मध्यस्थ कोण, तर बाजारात भेटलेला एक माणूस. प्रत्येक प्रश्नाला तात्यांचा आवाज कमी होत गेला. शेवटी ते म्हणाले की घरचा तांदूळ शिमग्यापर्यंतच पुरतो, खाणारी तोंडं वाढली, आणि भाऊ जिवंत आहे की नाही तेही कळत नाही. मग मी काय करू.

हवालदार रागावले नाहीत. त्यांनी तात्यांना नीट समजावलं की अशा न पाहिलेल्या घरांत गेलेल्या मुली शोधायला आपण आयुष्यभर फिरतो आहोत, आणि त्यातल्या सगळ्या सापडत नाहीत. तुमची स्वतःच्या पायांनी ओळखीच्या दारात आली, हे तुमचं नशीब. आता ती काय म्हणते ते ऐकायचं, मग काय ते ठरवायचं.

इंदूबाईंनी मग सांगितलं की खानावळीत दिवसभर परकी माणसं येतात जातात, तिथे मुलगी ठेवणं त्यांना बरं वाटलं नाही. म्हणून त्यांना मासळी घालणाऱ्या हिराबाईकडे, शीवच्या कोळीवाड्यात, ती ठेवली आहे. सकाळी जा, आज इथेच आराम करा. फणस दाराबाहेर ठेवा, त्याला वास सुटायला लागलाय.

शीव कोळीवाडा

सकाळी बसमध्ये फणसाने आपलं आगमन जाहीर केलं. आमच्या पुढच्या बाकावरचे लोक मागे बघायला लागले, मागच्या बाकावरचे आणखी मागे सरकले. कंडक्टरने तात्यांना विचारलं की याचं तिकीट काढलं का. मुंबईत बसायला जागा मिळत नाही, असं मी ऐकून होते. पिकलेला फणस असला तर आख्खी बाकं मोकळी होतात, हे कोणी सांगितलं नव्हतं.

कोळीवाडा म्हणजे शहराच्या मधोमध ठेवून दिलेलं गाव. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली, अंगणात सुकत घातलेले बोंबील. आमच्या किनाऱ्यावरही हाच वास, त्यामुळे तात्यांना मुंबईत पहिल्यांदाच जरा घरी आल्यासारखं झालं. ते फार टिकलं नाही. हिराबाईंनी आम्हाला बसायला दिलं, मुलगी येईलच म्हणाल्या, आणि तात्यांच्या पुढ्यात सुकटीची भली मोठी पाटी ठेवली. तोवर यातला कचरा निवडा. नुसतं काय बसायचं.

तात्या घरी पाण्याचा तांब्या स्वतः घेणारे नव्हेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोंबलांकडे पाहिलं. शेवटी ते निवडायला बसले. हिराबाई मधूनमधून येऊन पाटीत बघायच्या, त्यांनी काढून टाकलेलं परत आत टाकायच्या, राहिलेलं दाखवायच्या. तात्यांचा पारा कुठवर चढतो ते त्या बघत होत्या, हे मला मागाहून कळलं. तात्या निवडतच राहिले. कानशिलांवरून घाम गळत होता, बोटांना काटे टोचत होते. बऱ्याच वेळाने, हिराबाई मागल्या दारी गेल्या तेव्हा, ते पाटीत बघतच मला म्हणाले,

"बाई, चेडू माका बघून परत पळात काय हो?"

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात ते डोक्यावरून आलं.

"पळणार नाही. पण कोल्हापूरला जाणार नाही."

पोटमाळ्याच्या फळीतून कुंदाचं तोंड दिसत होतं. ती सकाळपासून तिथेच होती आणि तिने सगळं पाहिलं होतं.

तात्या वर बघत राहिले. मुठीत सुकट तशीच होती. "कोल्हापूर रद्द," ते म्हणाले.

"बाईंच्या समोर सांगा."

"बाईंच्या समोरच सांगतंय मगो."

तेव्हा ती शिडीने खाली आली. अंगात हिराबाईंच्या मुलीचं परकर-पोलकं, डोक्यात अबोलीचा वळेसर. गावात असताना होती त्यापेक्षा अंगाने भरलेली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या केसांना सुकट लागली. ती ओरडली, आणि सगळं जरा पूर्वीसारखं झालं.

फणस अखेर तिथे फोडला. हिराबाईंनी हाताला गोडेतेल लावून तो अर्ध्या गल्लीला वाटला. खाताना कुंदाने विचारलं की बाबा कुठे आहेत. त्यासाठीच ती आली होती. गावात कोणी धड सांगत नव्हतं, आणि मुंबईत आल्यापासून इंदूबाई आणि हिराबाई दोघी विषय बदलत होत्या. आताही हिराबाईंनी तोंडात गरा घातला. पण कुंदा त्यांच्याकडे बघतच राहिली तेव्हा त्यांना तो गिळून सांगावं लागलं. गिरणीने दत्तारामला परत घेतलं नव्हतं. तो गिरगावात एका भोजनालयात वाढप्याचं काम करत होता आणि लालबागच्या खोलीला कुलूप लावून तिथेच माळ्यावर झोपत होता. कुंदा आल्याचा निरोप इंदूबाईंनी त्याला पाठवला होता. त्याने उलट निरोप दिला की मी सुरतेला गेलोय म्हणून सांगा. पोरीला असं तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती.

मला वाटलं कुंदा रडेल. तिने आठळी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे जिवंत आहेत."

मग तात्यांनी धोतराला तेलाचे हात पुसले आणि जाहीर केलं की उद्या आपण सगळे बाहेर जेवायला जाऊ.

गिरगाव

कदम हवालदारांना विचारून झालं होतं. त्यांची अट एकच, मुलीबरोबर हिराबाईंनी जायचं. हिराबाई ठेवणीतलं लुगडं आणि अंगभर सोनं घालून निघाल्या. गिरगावात शाकाहारी जेवायला जायचं म्हणून घरून मासे खाऊन निघाल्या. मासे नसलेल्या जेवणाला त्या जेवण म्हणत नसत.

गिरगाव लालबागहून वेगळंच. इथे लोक हळू बोलतात, गच्च्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालतात, आणि रस्ता चुकला तर शुद्ध मराठीत सांगतात. भोजनालय जुनं, संगमरवरी फळ्यांची टेबलं, गल्ल्यावर चंदनाचं गंध लावलेले मालक. आमरसाचे दिवस, त्यामुळे बाहेर रांग. आम्ही चौघं एका टेबलाला बसलो. खाकी अर्धी चड्डी आणि सदरा घातलेला एक किडकिडीत माणूस आमरसाची बादली घेऊन पलीकडच्या टेबलाशी वाढत होता. तो वळला, त्याने आम्हाला पाहिलं, आणि बादलीतला डाव बादलीतच राहिला.

मला वाटलं आता पळेल. मुलगी कोणावर गेली ते मला दिसत होतं. पण दत्ताराम पळाला नाही. त्याने आणखी विचित्र गोष्ट केली. तो आमच्या टेबलाशी आला आणि ओळख नसल्यासारखा वाढायला लागला. तात्याही ओळख नसल्यासारखे जेवायला लागले.

"आमरस," तात्या म्हणाले. त्याने वाढला. वाटी संपली. "आमरस." पुन्हा वाढला. मग पुऱ्या. मग बटाट्याची भाजी. मग पुन्हा आमरस. दर वेळी दत्ताराम खाली मान घालून यायचा, वाढायचा आणि जायचा. तात्यांना एरवी आमरस सोसत नाही. पण मागितलं की भाऊ जवळ येतो, एवढं त्यांना कळलं होतं, आणि त्यापलीकडे काय करायचं ते कळत नव्हतं. हिराबाई पदराआड तोंड करून थरथरत होत्या. त्या हसतात की रडतात ते मी पाहिलं नाही, कारण मलाही तेच होत होतं.

कुंदाच्या ताटाशी आल्यावर मात्र त्याला कोशिंबीर वाढायची होती. भोजनालयात सगळ्यांना विचारतात तसं त्याने अगदी हळू विचारलं, "कोशिंबीर?"

"मला काकडी आवडत नाही, बाबा. विसरलात?"

त्याने भांडं टेबलावर ठेवलं.

"सुरतेहून कधी आलात?" कुंदाने विचारलं.

दत्ताराम वाढायचं सोडून तिथेच उभा राहिला. गल्ल्यावरच्या मालकांनी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, मग चष्मा वर करून आमच्याकडे बघितलं आणि घंटी वाजवायची थांबवली. कुंदा उठली आणि तिने बापाच्या सदऱ्याच्या बाहीने आपलं तोंड पुसलं. तो म्हणाला की सदरा मळेल. ती म्हणाली, मळलेलाच आहे.

वाढप्यांनी शेवटची पंगत उठल्यावरच बसायचं, असा तिथला रिवाज. आम्ही थांबलो. मालकांनी काही विचारलं नाही, फक्त आमच्या टेबलावरचा पंखा वाढवला. दुकान रिकामं झालं तेव्हा त्यांनी दत्तारामला बसायला सांगितलं. ताट मांडलं, पण वाढायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा तात्या उठले, बादली उचलली, आणि जन्मात कधी कोणाला न वाढलेल्या त्या माणसाने धाकट्या भावाच्या ताटात आमरस वाढला. निम्मा ताटात पडला, निम्मा संगमरवरावर. कुंदाने त्यांना डाव कसा धरायचा ते दाखवलं. दत्ताराम जेवत होता, तात्या बादली घेऊन उभे होते, आणि दोघं भाऊ गोठ्याच्या छपराविषयी बोलत होते. एवढ्या महिन्यांनी भेटून त्यांना पहिला विषय तोच सुचला.

ठरलं ते असं. दत्तारामने माळा सोडून लालबागच्या आपल्या खोलीत परत यायचं. कुंदाने त्याच्याजवळ राहायचं, जूनपासून जवळच्या शाळेत जायचं, आणि तो कामावर असेल तेव्हा इंदूबाईंच्या नजरेखाली बसून अभ्यास करायचा. कदम हवालदार रोज जेवायला येतातच, ते रोज तिला विचारणार होते. तात्यांनी भात कापून झालं की तांदूळ पाठवायचा. हे सगळं इंदूबाईंच्या खानावळीत ठरलं, आणि प्रत्येक वाक्याला कुंदाला विचारून ठरलं. एका मुद्द्यावर तिने नकार दिला. सुट्टीत गावी येईन, पण वऱ्हाडाच्या गाडीनेच, असं ती म्हणत होती. हवालदारांनी ते फेटाळलं.

परतीच्या गाडीत तात्या आणि मी दोघंच. पोट बिघडल्यामुळे तात्या गप्प होते. पनवेलच्या पुढे शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी गप्पा काढल्या. तेही आमच्याच बाजूचे, मुलगा मुंबईत साहेब झालेला, त्याचं कौतुक सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं की तुमचं कोण मुंबईत. संपाआधी तात्या या प्रश्नाला भाऊ मोठ्या गिरणीत आहे असं सांगायचे, आणि संपानंतर या प्रश्नावर उठून जायचे. मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

"भाऊ आसा माझो," तात्या म्हणाले. "गिरगावात वाढपी. शंभर पानां एकटो वाढता, एक थेंब बाहेर पडना नाय."